मेथीच्या कुंड्यांमध्ये ‘कंट्रोल’ नेमकी कोणती? नववीतल्या मुलीच्या प्रयोगाबद्दल प्रश्न

चौथा_मजला_सातारा

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने ‘चहाच्या चोथ्याने मेथी जास्त वाढते का?’ असा प्रयोग केला. दोन कुंड्या घेतल्या, दोन्हींत एकाच पोत्यातली माती. एकीत आमच्या रोजच्या चहाचा चोथा धुऊन, वाळवून मिसळला, दुसरीत काहीच घातलं नाही. दोन्हींत मूठ-मूठ मेथी पेरली. चोथ्याची कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, दुसरी पुढच्या गॅलरीत, कारण खिडकीत एकाच कुंडीपुरती जागा होती. बाराव्या दिवशी चोथ्याची मेथी जवळजवळ दीडपट उंच. पोर हरखून गेली, रंगीत आलेख काढला, तक्ता सजवला.

परीक्षकांनी विचारलं, “कंट्रोल कुठाय?” तिने गॅलरीतली कुंडी दाखवली. “हा कंट्रोल होत नाही,” एवढंच म्हणून ते पुढच्या टेबलाकडे गेले. तेव्हापासून ती गप्प गप्प आहे. मी तिच्यासोबत पुस्तक उघडलं तर एका ठिकाणी ‘नियंत्रित गट’, दुसऱ्या ठिकाणी ‘नियंत्रित चल’. मी कॉमर्सची, मला दोन्ही एकच वाटलं. बक्षिसाचं काही नाही, पण तिला प्रयोग पुन्हा करायचाय आणि या वेळी तो बरोबर व्हायला हवा. कुणी नीट समजावून सांगेल का?

बारावी_सायन्स

काकू, आम्हाला असं शिकवलंय: आपण मुद्दाम बदलतो ते स्वतंत्र चल, त्यामुळे जे बदलतं आणि आपण मोजतो ते आश्रित चल, आणि बाकी जे सारखं ठेवतो ते नियंत्रित चल. ज्या गटाला काही देत नाही तो नियंत्रित गट. एवढं लिहिलं की मार्क मिळतात.

निवृत्त_जीवशास्त्र_मिरज

ताई, आधी लेकीला सांगा की दुसरी कुंडी ठेवायचं तिला सुचलं हेच मोठं आहे. बरीच मुलं एकच कुंडी आणतात आणि ‘बघा किती वाढली’ म्हणतात. कशापेक्षा वाढली, हे विचारलं की गोंधळतात. मी २९ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. ‘कशापेक्षा’ हा प्रश्न आपणहून पडणारं मूल वर्गात असलं की तास संपू नये असं वाटायचं. परीक्षकांनी दोन मिनिटं थांबून कारण सांगायला हवं होतं. ते मी सांगते.

शब्दांचा घोळ आधी सोडवू. ‘नियंत्रित’ दोन्हीकडे आल्यामुळे दरवर्षी अर्धा वर्ग अडखळायचा. म्हणून मी फळ्यावर नियंत्रित गटाच्या शेजारी ‘तुलनेची कुंडी’ लिहायची आणि नियंत्रित चलाच्या शेजारी ‘सारख्या ठेवायच्या गोष्टी’. पेपरात पुस्तकातलाच शब्द लिहायचा, पण प्रयोग मांडताना हे दोन डोक्यात ठेवायचे. कुंडी ही वस्तू आहे, समोर दिसते, तिच्याकडे बोट दाखवता येतं. सारख्या ठेवायच्या गोष्टी मात्र दोन्ही कुंड्यांना लागू असतात: माती, पाणी, बियांची संख्या, पेरण्याची खोली, कुंडीचा आकार, ऊन. या गोष्टी खरोखर सारख्या राहिल्या तरच ती दुसरी कुंडी तुलनेची होते. तिच्या प्रयोगात ऊन सारखं राहिलं नाही, म्हणून परीक्षक ‘नाही’ म्हणाले असणार.

आता मला सांगा, तुमची स्वयंपाकघराची खिडकी डक्टकडे, म्हणजे इमारतीतल्या अंधाऱ्या बंदिस्त पोकळीकडे उघडते का? आणि चोथ्याची मेथी रंगाने कशी होती? मला शंका येतेय ती अशी. नवरात्रात घटाखाली पेरलेलं धान आठवा. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नऊ दिवसांत ते वीतभर होतं, पिवळं, मऊ, हात लावला की आडवं पडणारं. तेच धान अंगणात पेरलं तर तेवढ्याच दिवसांत बुटकं राहतं पण हिरवंगार आणि ताठ. उजेड कमी पडला की रोप खोड लांबवतं, उजेड गाठायला. तेव्हा मेथीची उंची चोथ्याने वाढली की अंधाराने, हे त्या दोन कुंड्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही. दोन फरक एकाच वेळी पडले. आणि जास्त उंची म्हणजे चांगली वाढ, असं धरून चालणंही इथे फसवं आहे.

सारखेपणासाठी किती आटापिटा करावा लागतो, याची एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायची. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. जिवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी तयार झाले त्यांना टोचली. टोचून घेतलेल्यांत प्लेग कमी झाला. पण विचार करा, जे आपणहून पुढे आले ते मुळातच धडधाकट असले तर? गट लोकांनी स्वतः निवडला की ही शंका मागे उरतेच. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंधेरा गावात वेगळी पद्धत वापरली. एकेका घरातली माणसं घेऊन त्यांचे जमतील तितके सारखे दोन भाग केले आणि एका भागाला लस टोचली. म्हणजे घर तेच, चूल तीच, पाणी तेच, उंदीरही तेच. फरक फक्त लसीचा. ज्या घरांत पुढे प्लेग शिरला तिथे लस टोचलेले ७१ जण होते, त्यांतले ८ आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेले ६४ होते, त्यांतले २७ आजारी पडले आणि २६ दगावले. हे आकडे फळ्यावर लिहिताना वर्ग शांत व्हायचा. त्या २६ माणसांमुळे लसीचा गुण कळला, याचा मला आजही विसर पडत नाही. आज असा प्रयोग करायचा तर माणसांची संमती आणि नीतिमत्तेचे कडक नियम आधी येतात, आणि ते यायलाच हवेत.

पुन्हा करताना कुंड्यांऐवजी कागदी कप घ्या. प्रत्येक कपाला तळाशी भोक, प्रत्येकात मोजून दहा दाणे. मूठ नको, मुठीत कधी कमी दाणे येतात कधी जास्त, आणि गर्दीतली रोपं वेगळी वाढतात. चोथ्याचे चार कप, नुसत्या मातीचे चार. एकेकच कप ठेवला आणि त्यात नेमकं किडकं बी आलं तर सगळं मुसळ केरात. कप कुठे ठेवायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर हात आपोआप लाडक्या कपाला उन्हाची जागा देतो.

चौथा_मजला_सातारा

मॅडम, खिडकी डक्टकडेच उघडते! आणि मेथी खरंच फिकट होती, सगळी काचेकडे झुकलेली. लेकीने प्रदर्शनाचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला आणि म्हणाली, “आई, आपल्या घटासारखीच दिसतेय.” कितीतरी दिवसांनी ती या विषयावर आपणहून बोलली. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आता सगळे कप गॅलरीत एका ट्रेमध्ये ठेवणार आहोत. एक शंका: चोथा मिसळला की माती भुसभुशीत होते आणि ओल जास्त वेळ राहते. मग नुसत्या मातीचा कप ‘सारखा’ कसा राहणार? बारावीच्या मुलाने लिहिलंय तसं, त्याला काहीच द्यायचं नाही ना?

हरभरा_निफाड

ताई, यावर मला माझ्या रानातलं सांगावंसं वाटतं. हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियमचं, म्हणजे हवेतला नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंचं, संवर्धक चोळतात, दहा किलोला अडीचशे ग्रॅम. ते बियाण्याला चिकटावं म्हणून गुळाचं पाणी करतात, त्यात कालवून बियाणं ओलसर करतात आणि सावलीत सुकवून पेरतात. मी एक वर्ष अर्ध्या रानात चोळलेलं पेरलं, अर्ध्यात कोरडं. चोळलेलं दोन दिवस आधी उगवून आलं. मी गावभर सांगत सुटलो की जिवाणूंनी उगवण लवकर होते. आमच्याकडे शिवारफेरीला आलेल्या एका कृषी सहायकांनी शांतपणे विचारलं, “दुसऱ्या निम्म्याला नुसतं गुळाचं पाणी लावलं होतं का?” नव्हतं लावलं. म्हणजे ते बियाणं आधीच ओलं झालं म्हणून लवकर उगवलं असेल. जिवाणूंचं काम तर नंतर मुळांवर गाठी आल्यावर सुरू होतं.

पुढच्या हंगामात तीन पट्टे केले: कोरडं, नुसतं गूळपाणी, आणि गूळपाण्यात संवर्धक. उगवण दुसऱ्या-तिसऱ्या पट्ट्यात सारखीच. फरक दिसला तो दीड महिन्यानं रोपं उपटल्यावर. संवर्धकाच्या पट्ट्यात मुख्य मुळाजवळ टपोऱ्या गाठी, नखानं फोडली की आत गुलाबी, म्हणजे जिवाणूंचं काम चालू. गूळपाण्याच्या पट्ट्यात गाठी होत्या, पण बारीक आणि विखुरलेल्या. बांधाकडच्या दोन ओळी मात्र मोजल्या नाहीत, तिथे ऊन-वारा जास्त मिळतो आणि झाड उगाच जोमदार दिसतं.

निवृत्त_जीवशास्त्र_मिरज

दादा, हे मी वर्गात असताना तुमच्याकडून ऐकलं असतं तर पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवून हेच शिकवलं असतं.

ताई, तुमच्या शंकेचं उत्तर यातच आहे. तुलनेच्या गटाला ‘काहीच द्यायचं नाही’ हे अर्धवट शिकवलं जातं. त्याला सगळं द्यायचं, फक्त ज्याची परीक्षा घेतोय तेवढं वगळायचं. संवर्धक वगळायचं, गूळपाणी द्यायचं. औषधाच्या चाचणीत औषधाची गोळी वगळायची, पण दिसायला तशीच साखरेची गोळी द्यायची. तुमच्याकडे तिसऱ्या प्रकारचे चार कप वाढवा. त्यात चोथ्याइतकंच, चमच्याने मोजून, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा. तेही माती भुसभुशीत करतं, ओल धरतं, पण त्यात चहा नाही. आता नुसती माती आणि कोकोपीट यांत फरक दिसला तर तो भुसभुशीतपणाचा आणि ओलीचा मानायला जागा आहे. कोकोपीट आणि चोथा यांत दिसला तर चहाचा संशय घ्यायला जागा आहे. मुलीला हे कागदावर बाण काढून स्वतःला मांडू द्या, तुम्ही सांगू नका.

रक्त_तपासणी_नाशिक

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्याकडे ‘कंट्रोल’ हा शब्द दिवसभर तोंडात असतो पण अर्थ जरा निराळा. सकाळी पेशंटची सॅम्पल लावायच्या आधी कंट्रोल सीरम चालवतो. त्यात साखर, क्रिएटिनिन वगैरे किती आहे ते बाटलीसोबतच्या कागदावर छापलेलं असतं. मशीनने त्या मर्यादेत उत्तर दिलं तरच पुढे जायचं. एकदा रात्रभर लाइट गेली होती, रीएजंट (तपासणीचं रसायन) गरम झालं होतं, आणि सकाळी कंट्रोल भलताच आला. तो चालवला नसता तर त्या दिवशी चाळीसेक लोकांच्या हातात चुकीचे रिपोर्ट गेले असते.

कोरोनाच्या घरच्या किटवर दोन रेघांच्या जागा होत्या ना, त्यातली ‘सी’ म्हणजे कंट्रोल. पेशंटला आजार असो-नसो, ती रेघ उमटायलाच हवी. नाही उमटली तर किट बाद. मॅडम, हाच तो कंट्रोल का?

निवृत्त_जीवशास्त्र_मिरज

भाऊ, कुळ एकच. तुमच्या कंट्रोलचं उत्तर आधीपासून माहीत असतं आणि त्यावरून साधन धड चाललंय का ते कळतं. शाळेत आयोडीनचा प्रयोग करतात, पानात पिष्ट आहे का ते बघायला. मी पानावर थेंब टाकायच्या आधी मुलांना बटाट्याच्या कापावर टाकायला लावायची. तो निळा-काळा झालाच पाहिजे. आणि दुसरा थेंब नुसत्या पाण्यात, तो तांबूसच राहिला पाहिजे. बटाटाच काळा झाला नाही तर बाटलीतलं आयोडीन जुनं झालंय, मग पान काय सांगतंय याला अर्थ नाही.

चौथा_मजला_सातारा

मॅडम, आज सहावा दिवस. बारा कपांपैकी दोन कपांतली रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. एक नुसत्या मातीचा, एक कोकोपीटचा. म्हणजे दोन्ही तुलनेचेच कप! चोथ्याचे चारही उभे आहेत. लेक म्हणतेय कंट्रोल बिघडला, सगळं टाकून नव्याने पेरू. काय करू?

निवृत्त_जीवशास्त्र_मिरज

टाकू नका! एकही कप टाकू नका. आधी ते दोन कप उचलून तळाची भोकं बघा.

तुलनेचा गट बिघडतो तेव्हाच तो सगळ्यात जास्त सांगत असतो. माझाच अनुभव सांगते. खारट पाण्याचा मटकीच्या मोडांवर परिणाम, असा प्रयोग आम्ही दरवर्षी घ्यायचो. आमच्या भागात उसाच्या रानांना पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्यात, मुलं तो पांढरा थर रोज बघतात, म्हणून त्यांना तो जवळचा वाटायचा. पाच पेट्री डिश (चपट्या झाकणाच्या बशा), चढत्या क्रमाने मीठ, पहिल्या डिशमध्ये साधं पाणी. एक वर्षी साध्या पाण्यातल्या मटकीची मुळंही खुरटी, टोकं तपकिरी, जवळजवळ कमी मिठाच्या डिशसारखीच. मी मुलांना म्हणाले की बी जुनं असेल, आणि वहीत मागच्या वर्षीचे आकडे लिहायला सांगितले. हे सांगताना आजही मला वाईट वाटतं, कारण चूक बियाण्याची नव्हती. त्या वर्षी नळाला पाणी नव्हतं आणि शिपाईमामांनी बोअरचं भरलं होतं, मचूळ, तोटीवर पांढरे पापुद्रे धरणारं. माझं ‘साधं पाणी’च खारट होतं. ती डिश ओरडून सांगत होती आणि मी मुलांना खोटं लिहायला लावलं. पुढच्या वर्षी मी ते वर्गासमोर कबूल केलं आणि बोअरचं व पिण्याचं गाळलेलं पाणी अशा दोन डिश मुद्दाम शेजारी ठेवल्या.

आइकमन यांची गोष्ट तर लेकीला जरूर सांगा. डच डॉक्टर, जावा बेटावर बेरीबेरी या पाय लुळे पाडणाऱ्या रोगाचं कारण शोधत होते. रोग जंतूंमुळे होतो असा समज होता, म्हणून काही कोंबड्यांना रोग्यांचं रक्त टोचलं आणि काही तुलनेसाठी तशाच ठेवल्या. पाय लटपटायला लागले ते दोन्ही गटांचे! मग काही महिन्यांनी सगळ्या आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेतल्यावर कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात असल्या कोंबड्यांना द्यायला नकार दिला, त्यांना कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला, आणि कोंबड्या सुधारल्या. गुण होता तांदळाच्या कोंड्यात. पुढे त्यातूनच बी-१ जीवनसत्त्व हाती लागलं आणि १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल मिळालं. तुलनेच्या कोंबड्या आजारी पडल्या म्हणून त्यांनी तो प्रयोग फेकून दिला असता तर?

चौथा_मजला_सातारा

भोकं बघितली. दोन्ही कपांखाली ट्रेचा उंचवटा नेमका भोकावर आला होता, पाणी तुंबलं होतं. बाकी दहा कपांचं पाणी नीट निथळत होतं. लेकीने वहीत लाल पेनाने लिहिलं: “कप ३ आणि कप ८, निचरा बंद, रोपं मेली. उगवण मोजली, उंची मोजली नाही.” आणि सगळे कप जुन्या जाळीवर उचलून ठेवले.

बारा दिवस झाले. चाळीस-चाळीस दाण्यांपैकी नुसत्या मातीत ३६ उगवले, कोकोपीटमध्ये ३५, चोथ्यात २८. उंचीतही चोथ्याचेच मागे. प्रदर्शनात जे सांगितलं त्याच्या बरोबर उलट. तिला वाटतंय चोथ्यातलं काहीतरी बियांना सोसत नसावं. आम्ही चोथा एकदाच पाण्यातून काढला होता. आता तिला चार वेळा उकळून, निथळून काढलेला चोथा वापरून बघायचाय. विचारतेय, मग कंट्रोल कोणता?

निवृत्त_जीवशास्त्र_मिरज

तिची शंका रास्त आहे. चहात कॅफिन असतं आणि ते कोवळ्या मुळांची वाढ अडवतं, हे माहीत असलेलं आहे. पण तिच्या कपात तेच घडलं का, हे तिला शोधू द्या. कंट्रोल कोणता हेही मी सांगत नाही, तिलाच विचारा. तिला काय ताडून बघायचंय ते एका वाक्यात लिहायला सांगा आणि ते वाक्य इथे टाका.

चौथा_मजला_सातारा

तिने लिहिलेलं जसंच्या तसं: “उकळल्याने चोथ्यातलं वाईट निघून जातं का हे बघायचंय, म्हणून एकदा धुतलेला चोथा तुलनेला. आणि ते पूर्ण निघून गेलं का हे बघायला कोकोपीटपण ठेवणार. पाणी सगळ्यांना दोन चमचे, सकाळी सातला, शाळेत जायच्या आधी.”

निवृत्त_जीवशास्त्र_मिरज

अगदी बरोबर. पेरा उद्याच. आणि चोथा उकळलेलं पाणी ओतून देऊ नका म्हणावं, गार करून बाटलीत भरून ठेवा. त्याची पाळी पुढच्या ट्रेमध्ये येईल.